बोरीखालचं मडकं

यंदा एका दिवाळी अंकात मी आईवर लेख लिहिला. त्यातली मुख्य गोष्ट चुकीची निघाली. अंक आता रद्दीच्या गठ्ठ्यात जायला लागले आहेत, तिथं जाऊन काही दुरुस्त करता येणार नाही. म्हणून हे वेगळं लिहिते आहे.

आई चैत्रात गेली. सकाळी तिनं अंगण झाडलं, चहा ठेवला आणि चुलीपाशी खाली बसली. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना वाटलं, ती काहीतरी निवडते आहे. चहा आटून भांडं करपल्याचा वास आला तेव्हा ते आत गेले. मी धाराशिवला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. फोन आला तेव्हा मी पुस्तकांवर शिक्के मारत होते. गावाकडं निघाले तरी शिक्का माझ्या हातातच होता, आणि तो बसमध्ये माझ्या लक्षात आला.

दर डिसेंबरात मी वर्षभर वाचलेल्या पुस्तकांची यादी एका वहीत लिहिते. यंदाच्या पानावर सात नावं आहेत, सगळी चैत्राच्या आधीची. त्यानंतर पुस्तक उघडलं की दोन पानांनी मी पुन्हा पहिल्या ओळीवर यायचे. वाचणं थांबलं म्हणून लिहायला बसले असेन. श्रावणात लेख झाला. विषय होता आईच्या हातची आंबील.

आमच्या भागात मार्गशीर्ष संपताना येळवस येते, म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी गावात कुणी राहत नाही. सगळे आपापल्या शेतात जातात. कडब्याच्या पेंढ्यांची झोपडीवजा कोप करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, शेताला नैवेद्य दाखवायचा आणि तिथंच बसून जेवायचं. जेवणात दोन गोष्टी चुकवून चालत नाहीत. एक भज्जी. ओला हरभरा, तूर, वाल, मेथी, कांद्याची पात, जे शेतात असेल ते सगळं डाळीच्या पिठात आणि चिंचेत शिजवलेलं. दुसरी आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून शिजवायचं, वर लसूण, जिरं, कोथिंबीर. तीच आंबील घरातला कर्ता पुरुष डहाळीनं शेतभर शिंपडतो आणि मोठ्यानं हाळी देतो. शेजारच्या शेतातून दुसरी हाळी येते, तिच्यापुढच्या शेतातून तिसरी.

आमच्या शेतात शिंपण तीनच बाजूंनी व्हायचं. चौथ्या बाजूला काकांचा बांध होता.

काका म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. मी दहावीत होते तेव्हा दोघे वेगळे झाले. जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, घराच्या मधोमध भिंत घातली. नंतर नांगरताना बांध एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, इकडं सरकला की तिकडं, यावरून चावडीवर चार माणसांसमोर भांडण झालं. त्या दिवशी आप्पांनी शपथ घेतली, "ह्याच्या घरचा पाण्याचा घोट घेईन तर बापाचं नाव लावणार न्हाय." काकांनीही तीच शपथ उलट घेतली. आमच्या घरात शपथ ही देवाच्या खालोखालची गोष्ट. तेव्हापासून दोन्ही घरं एका भिंतीला पाठ लावून राहिली. आई गेली तेव्हा काका-काकू आले, सुतक पाळलं, स्मशानात काका लांब बाभळीखाली उभे राहिले. आप्पांशी बोलले नाहीत.

लेखात हे भांडण मी घेतलं नव्हतं. त्यात आईची आंबील होती. भावकीतले लोक वाटी घेऊन आमच्या कोपीकडं यायचे, एवढी ती चांगली व्हायची. ती आंबील शिजताना मी कधीच पाहिली नव्हती. येळवशीला आई दिवस उगवायच्या आत एकटी पुढं जायची. डोक्यावर पाटी, पाटीत भज्जीचं पातेलं आणि शिवाय भज्जीचाच भरलेला एक कडीचा डबा. "एवढी कुणाला करतीस?" असं आप्पा दरवर्षी विचारायचे. "वाटसरू येतंय एखादं," असं ती दरवर्षी सांगायची. आम्ही पोचेपर्यंत आंबील तयार असायची, कोपीत, काळ्या मडक्यात. आम्ही पोरांनी तिला विचारलं की म्हणायची, "आंबील शिजताना कुणी बघायची नसती. नजर लागती."

या वाक्यावर मी दीड पान लिहिलं होतं. धान्य आंबणं ही पोटातल्या गर्भासारखी झाकून ठेवायची गोष्ट, अशी जुनी समजूत या प्रथेमागे असावी, असं काहीतरी. अंक आल्यावर एका प्राध्यापकांचा फोन आला. ही प्रथा आणखी कोणत्या गावांत आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चौकशी करून कळवते.

दिवाळीला आमच्याकडं तळण झालं नाही. दुःखाचं वर्ष. येळवस करायची की नाही, असं मी फोनवर आप्पांना विचारलं.

"सण आपला न्हाय, जमिनीचा हाय," ते म्हणाले. "जमिनीला कसलं सुतक? तू ये दोन दिस आधी. आंबील तुला करायचीय."

"आप्पा, मला येत नाही."

"एवढं छापून आणलंस की!"

मी दोन दिवस आधी गेले. तेरपर्यंत बस, तिथून रिक्षा. आमचं गाव तेरच्या पलीकडं, तेरणेच्या काठाला आहे. घरात आईची भांडी पालथी पडली होती. मधल्या भिंतीच्या देवळीत तिची गुरुवारची पोथी होती, लाल फडक्यात बांधलेली. मार्गशीर्षातल्या दर गुरुवारी ती पोथी वाचायची, आणि इतक्या मोठ्यानं की आप्पा ओसरीवरून ओरडायचे, "अगं, देव काय बहिरा हाय काय?" हेही मी लेखात घातलं होतं. लोकांना ते आवडलं होतं.

आंबील बिघडली. ताकात पीठ कालवून ठेवलं होतं, पण शिजवायला घेतलं तशा गुठळ्या झाल्या, आणि खालून लागलं ते वेगळंच. पुण्याहून भाऊ आणि वहिनी आदल्या संध्याकाळी आले होते. वहिनीनं पातेल्यात डोकावलं आणि म्हणाली, "ताई, मी बघितली बरं का. नजर माझीच लागली." भाऊ हसला. मलाही हसू आलं, आणि मग रडू आलं. भज्जी मात्र जमली. आईच्या हाताखाली मी ती खूपदा केली होती.

पहाटे आप्पांनीच उठवलं. "तुझी आई दिस उगवायच्या आत जायची. निघ."

मी पाटी घेतली. भज्जीचं पातेलं, गुठळ्यांची आंबील, आणि सवयीनं तो कडीचा डबाही भरून घेतला. का घेतला, ते सांगता येणार नाही. आई घ्यायची म्हणून घेतला. थंडी होती. हरभऱ्यावर दव पडलं होतं, पायांना पानांची आंब, तो आंबट ओलावा, लागत होती. आमच्या आणि काकांच्या बांधावर एक जुनी बोर आहे. आमच्या कोपीकडं जायची पायवाट तिच्यावरूनच जाते.

बोरीखाली ते काळं मडकं ठेवलेलं होतं.

तोंडाला फडकं बांधलं होतं आणि फडक्यातून वाफ येत होती. ते मडकं मी शंभरात ओळखलं असतं. दरवर्षी ते आमच्या कोपीत असायचं. घरात मात्र मी ते एकदाही पाहिलं नव्हतं. ही गोष्ट मला त्या क्षणी, बांधावर उभी असताना, पहिल्यांदा जाणवली.

बोरीच्या मागून काकू पुढं आल्या. डोक्यावर पदर, अंगावर शाल. सव्वीस वर्षांत आम्ही समोरासमोर बोललो नव्हतो. त्या रोजच्यासारखं बोलल्या.

"आलीस? मला वाटलं, उशीर करतीस का काय. घे, दोन हातानं धर. बूड गरम हाय. आणि माझा डबा दे."

"कसला डबा?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "भज्जीचा. सांगितलं न्हाय का तिनं तुला?"

मी पाटी खाली ठेवली.

"मला वाटलं, सांगून गेली असंल," काकू म्हणाल्या. मग त्यांनाच आठवलं असावं की आईला सांगून जायला वेळच मिळाला नव्हता. त्या बोरीच्या बुंध्याला टेकून बसल्या.

घर एक होतं तेव्हा आजीनं दोघी सुनांना कामं लावून दिली होती. थोरलीनं भज्जी करायची, धाकटीनं आंबील. पानात सगळं एकत्रच यायचं, म्हणून कुणाच्या हातचं काय, ते पुरुषांना आणि आम्हा पोरांना कधी कळलं नव्हतं. दोघींना दुसरीचं काम कधी जमलंच नाही. वाटणी झाली त्या वर्षी आई तिच्या शेतात आंबिलीच्या गुठळ्या घेऊन बसली आणि काकू त्यांच्या शेतात पातळ पिठल्यासारखी भज्जी घेऊन. "दुपारी तुझी आई बांधावर आली," काकू सांगत होत्या, "आन् डबा ठिवला. तोंडातून शब्द न्हाय. मी उघडून बघितला तर भज्जी. दुसऱ्या साली मी मडकं ठिवलं. मग ती म्हणाली, पोरं विचारत्यात, काय सांगू? म्या म्हटलं, सांग नजर लागती म्हणून."

"ते तुम्ही सांगितलं होतं?"

"मग! आन् तू ते छापलंस." त्या हसल्या. "सुनेनं आणून दिलं मला. अक्षर लावून लावून वाचलं, दोन दिस लागले. कुणी बघायची न्हाय म्हणं! गर्भ काय, न् काय काय!" हसता हसता त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं आणि त्यांनी पदर लावला. "चांगलं लिहिलंस. तिच्याबद्दल चांगलं लिहिलंस."

मी विचारलं, "वर्षातून एवढंच भेटत होता? या बोरीखाली?"

"ते तुला कशाला पायजे?" त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं न बघता, "पोथी मोठ्यानं वाचायची ती. माझ्यासाठी वाचायची. मी भिंतीला टेकून ऐकायची. यंदा चारी गुरुवार फूल हातात धरून बसले. सवयीनं."

त्या उठल्या, डबा घेतला. मी विचारलं, "आप्पांना सांगू का?"

"तुझं तू बघ. तिनं सांगितलं न्हाय, म्या आमच्या ह्यांना सांगितलं न्हाय." चार पावलं जाऊन त्या वळल्या. "ती गुठळ्याची म्हशीला घाल."

मडकं उचलून मी कोपीत नेऊन ठेवलं आणि तिथंच बसले. पांडवांना चुना लावायचा होता, तो लावला. हात चालत होते. डोक्यात एकच गोष्ट होती. ज्या बाईवर मी नऊ पानं लिहिली, तिचं मला काहीच माहीत नव्हतं. तिचा डबा सव्वीस वर्षं रिकामा परत यायचा, आणि मी एकदाही विचारलं नाही की तो वाटसरू कोण.

आप्पा, भाऊ, वहिनी आले. पूजा झाली. आप्पांनी डहाळी मडक्यात बुडवून तीन बाजूंनी शिंपण केलं, हाळी दिली. मग जेवायला बसलो. आप्पांनी आंबिलीची वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवलीच नाही. सगळी प्यायले. मग म्हणाले, "तीच." दुसरी वाटी घेतली. "हात आला गं तुला आईचा." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. आई गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

त्या वेळी गप्प बसले असते तर चाललं असतं. आप्पांकडं तिची म्हणून तेवढी एक चव उरली होती. ती काढून घेणारी मी कोण? असं मी मनाशी म्हणत होते, आणि तेवढ्यात भाऊ म्हणाला, "ताई, तुझा लेख वाच ना इथं. आईला आवडलं असतं." त्यानं मोटारीतून अंक आणला होता.

मी वाचायला लागले. पहिली दोन पानं वाचली. मग ते वाक्य आलं, की ही चव फक्त तिच्या हातात होती. मी अंक मिटला. भावाला वाटलं, मला भरून आलं. त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"हे खोटं आहे," मी म्हणाले. "आंबील काकूंनी केली आहे. आजची. आणि दरवर्षीची."

मग सगळं सांगितलं. मडकं, डबा, बोर. सांगताना मी आप्पांकडं पाहत नव्हते. सांगून झाल्यावर पाहिलं. ते हातातल्या वाटीकडं बघत होते. वाटीत अर्धी आंबील होती.

"किती वर्षं?"

"मी दहावीत होते तेव्हापासून."

"म्हंजे माझी शपथ गेली. सव्वीस येळा."

वहिनी हळूच म्हणाली, "आप्पा, शपथ पाण्याची होती. ही आंबील."

ते हसले नाहीत. "आन् देवाला दाखवून प्यायलो," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले, आणि असा चेहरा मी त्यांचा चैत्रातही पाहिला नव्हता. "मला सांगावं, असं तिला कधीच वाटलं न्हाय?"

मी एवढंच म्हटलं, "तुम्ही प्यायला नसता." ते "न्हाय," म्हणाले, म्हणजे प्यायलो नसतो.

ते उठले. वाटी खाली ठेवली, मडकं आणि डहाळी घेतली आणि चौथ्या बाजूला निघाले. भाऊ मागं जायला उठला, वहिनीनं त्याला बसवलं. मला बसवणारं कुणी नव्हतं म्हणून मी गेले. बांधावर त्यांनी पहिली डहाळी झटकली. एका टोकापासून बोरीपर्यंत शिंपडत गेले. हाळी मात्र त्यांनी दिली नाही. पलीकडं वीस पावलांवर काकांची कोप होती. काका जेवत होते, काकू वाढत होत्या. दोघांचेही हात थांबले. काकूंनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

आप्पा बोरीखाली उभे राहिले. धाकट्या भावाशी सव्वीस वर्षांनी बोलायचं होतं आणि काय बोलावं हे त्यांनी ठरवलं नव्हतं, हे मला दिसत होतं.

"भज्जीत मीठ बरुबर हाय का रे?" ते म्हणाले.

काकांनी घास खाली ठेवला. "कमी हाय," ते म्हणाले. "पोरीनं केलीय न्हवं. थोरल्या वहिनीच्या हातचं बरुबर असायचं."

काकूंच्या हातातून पळी पडली. त्यांनी एवढी वर्षं लपवलं ते काकांना माहीत होतं. कधीपासून, ते काकांनी सांगितलं नाही, आणि त्या वेळी त्यांना कुणी विचारलंही नाही. त्यांनी बोटं चाटली, भाकरीचा दुसरा तुकडा मोडला आणि जेवायला लागले. आपली शपथ मोडून दरवर्षी ते असेच जेवले होते, जाणूनबुजून, आणि बायकोला कळू दिलं नव्हतं.

आप्पा परत फिरले. वाटेत एकदाच बोलले, तेही स्वतःशीच. "त्याला ठाऊक होतं."

भाऊ आणि वहिनी संध्याकाळी पुण्याला निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मडकं राखेनं घासलं, उन्हात वाळवलं. आई ते शेतातच घासून बोरीखाली ठेवत असणार. मी चपला घातल्या.

"दे इकडं," आप्पा म्हणाले.

मी मडकं दिलं. मला वाटलं, ते शेताकडं जातील. ते अंगणातून बाहेर पडले, भिंतीला वळसा घातला. शेजारच्या दाराची कडी वाजली. मी आईच्या जागेवर, देवळीखाली, भिंतीला टेकून बसले. मग बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला. इतका स्पष्ट, की जणू आमच्याच घरात. एवढं सगळं या भिंतीतून ऐकू येतं, हे मला चाळिशी उलटल्यावर कळत होतं.

अर्ध्या तासानं आप्पा रिकाम्या हातानं आले आणि ओसरीवर बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"चहा घेतला," ते म्हणाले. "त्याच्या घरचा."